तीन मिनिटं उशीर

फोनवर कोणी "बेघर निवारा का हो?" असं विचारलं की आमचे टाइमकीपर "नाही, ही मिल आहे," म्हणत आणि फोन ठेवून देत. तोच फोन पुन्हा वाजे, आणि तो मी उचले. पलीकडे कधी रेल्वे पोलीस असत, कधी दवाखान्यातली नर्स, कधी पुलाखाली एखादं म्हातारं माणूस पडलेलं पाहून थांबलेला कोणी भला माणूस. मी सांगे की हो, निवाराच आहे, घेऊन या. मागून आवाज येई, "मिल बंद झाली म्हणून काय तिचं नाव पुसून टाकायचं?"

मला हा माणूस कधी आवडला नाही. आता ते खाटेला खिळले आहेत, तरी आवडत नाहीत. आजारी माणसाबद्दल चांगलंच बोलावं हा नियम मला मान्य नाही.

आमच्या संस्थेनं निवारा चालवायला घेतला तेव्हा इमारतीबरोबर चावी आली आणि चावीबरोबर हे आले. मिल बंद पडून जमाना झाला होता. माग भंगारात गेले, शेडचे पत्रे गेले, जमिनीवर उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. उरलं ते कापसाचं एक दगडी गोदाम, गेटाजवळचं टाइम ऑफिस आणि चिमणी. चिमणी पाडायला खर्च येतो म्हणून उरली, गोदाम निवाऱ्याला दिलं, आणि टाइम ऑफिसात हे आधीपासून बसलेले होतेच. मिल चालू होती तेव्हा ते तिथं टाइमकीपर होते. कोणता कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे लिहायचं, एवढं त्यांचं काम. मिल गेली, कामगार गेले, हे काही गेले नाहीत. प्रताप नगरात मुलाचं दोन मजली घर, सून शिकलेली, नातवंडं हुशार. पण सकाळी सातच्या ठोक्याला करड्या सफारीत, स्कूटरवर, गेटात हजर. आमच्या संस्थेच्या साहेबांना वाटलं, पगार मागत नाही, जागेची माहिती आहे, राहू द्या. त्यांना 'मानद व्यवस्थापक' असं पद दिलं. त्यांनी पाटी रंगवून आणली, तिच्यावर लिहिलं होतं 'टाइमकीपर'.

मी तिथं समन्वयक होते. म्हणजे माणसं आणायची, त्यांना जेवण, औषध, कपडा पाहायचा, कोणाचं घर सापडलं तर पोचवून द्यायचं. आणि उरलेल्या वेळात यांना सांभाळायचं.

निवाऱ्याच्या पुरुषांच्या हॉलला ते 'रिंग खातं' म्हणत, बायकांच्या हॉलला 'वाइंडिंग', ही मिलच्या सूतकताईच्या आणि सूत गुंडाळायच्या खात्यांची नावं. बेडला टोकन नंबर होते. सकाळी पितळी घंटा वाजली की रांगेत उभं राहून नंबर बोलायचा. कोणी नाव सांगितलं तर ते कान पुढं करत, जणू काही भलत्याच भाषेत बोललं कोणी. गोंदियाकडचा एक माणूस आमच्याकडे आला होता. बिचारा डोक्यानं थोडा हलका होता. त्यानं चार दिवस हे सगळं पाहिलं आणि माझ्या फोनवरून घरी कळवलं, "मले नागपूरले मिलमध्ये नोकरी लागली." आठव्या दिवशी त्याचा भाऊ पिशवी घेऊन दारात उभा. त्यालाही मिलमध्ये लागायचं होतं. मी त्याला चहा पाजून खरं काय ते सांगितलं, तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. यांना ती गोष्ट सांगितली तर म्हणाले, "बघा, नाव अजून आहे मिलचं."

दुसरी खोड कापडाची. समोर कोणीही आलं की हे त्याच्या अंगावरच्या कापडाचा पदर चिमटीत धरून चोळायचे. डोळे मिटून सुताचा बारीकपणा सांगायचे, "चाळीस काउंट." एकदा पाहणीला आलेल्या नगरसेविकाबाईंच्या साडीचा पदर त्यांनी असाच धरला. बाई एक पाऊल मागं सरकल्या, यांनी पदर सोडला नाही. "साठ काउंट. आपल्याकडंच निघायचं असं सूत." ती साडी सिंथेटिक होती. मी कोष्ट्याच्या घरची मुलगी. आजोबा हातमागावर बसले, वडील याच मिलच्या विणाई खात्यात होते. कापड मला कळतं. या माणसानं उभ्या आयुष्यात सुताला हात लावला नव्हता. त्याचा हात लागला तो फक्त शाईला.

खरा छळ मात्र इतिहासाचा होता. नवीन माणूस आला की त्याला जेवणाआधी मिलचा इतिहास ऐकावा लागे. दोन दिवसांचा उपाशी माणूस, पायाला जखम, आणि हे त्याला टाइम ऑफिसच्या पायरीवर उभं करून सांगताहेत की कापूस कुठून यायचा, गासड्या कशा फुटायच्या, मिलचं धोतर गांधीबागेतल्या दुकानांत कसं हातोहात जायचं, मालक किती देवमाणूस होते, मागांचा आवाज कसा संगीतासारखा वाटायचा. संगीत! त्या संगीतानं माझ्या वडिलांचे कान गेले. आमच्या घरी सगळे ओरडून बोलायचे, शेजारच्यांना वाटायचं रोजच भांडण आहे. मी एकदा त्यांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "विणाईतले कामगार कानात कापूस घालत नसत. शिस्त नव्हती."

मिल कशी बंद पडली, हे त्या इतिहासात कुठंच नव्हतं. संपही नव्हता, गेटाबाहेर महिनोन्‌महिने बसलेली माणसंही नव्हती. इतिहास एकदम मालकाच्या फोटोवरून उडी मारून रजिस्टरांवर यायचा.

ती रजिस्टरं त्यांच्या शौर्याची गोष्ट. मिलचा रद्दीमाल निघाला तेव्हा हजेरीची सगळी रजिस्टरं हातगाडीवर लादली होती. हे म्हणे गाडीसमोर आडवे झाले. "माझ्या अंगावरून न्या," म्हणाले. रद्दीवाला घाबरला आणि गाडी रिकामी करून गेला. ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली आहे. दर वेळी माझ्या मनात एकच यायचं, माणसांना बाहेर काढलं तेव्हा हे कोणासमोर आडवे झाल्याचं काही ऐकण्यात नाही.

गोदामाच्या एका टोकाला जाड दगडी भिंतींची एक खोली होती, आणि सगळ्या इमारतीत तेवढीच एक उन्हाळ्यात थंड राहायची. तिथं ही रजिस्टरं होती, लाल कापडात बांधलेली. त्या खोलीत सहा खाटा सहज बसल्या असत्या. मी ते किती वेळा बोलले असेन. ते म्हणायचे, "माणूस विसरतो, रजिस्टर विसरत नाही." आणि कुलूप ओढून पाहायचे.

एप्रिलच्या अखेरीस पोलिसांनी इंदूबाईंना आणून सोडलं. बसस्टँडवर चार दिवसांपासून बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपास, बारीक, ताठ, हातात एक गाठोडं. मुलगा कामठीत पावरलूम चालवतो, सुनेशी पटलं नाही, निघून आल्या. मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "तिची मर्जी." आधार कार्ड, रेशन कार्ड काही आहे का, असं विचारलं, तर "आमच्याजवळ तिचं काही नाही," म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सहाला यांनी नव्या माणसांना पायरीशी उभं केलं. इंदूबाई आणि आणखी तिघं. मी जेवणाची ताटं मांडत होते, सगळं ऐकू येत होतं. कापूस झाला, गासड्या झाल्या, मालक झाले. मग ते गेटाकडे हात करून म्हणाले, "हजारो माणसं या गेटातून गेली. पण या गेटावर कधी कोणावर अन्याय झाला नाही."

"माह्यावर झाला, टाइमबाबू," इंदूबाई म्हणाल्या.

ते थांबले. त्यांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. ओळख पटल्याचं काही चिन्ह दिसलं नाही. "नाव?"

"इंदू. वाइंडिंग. बदलीवर होती."

बदलीवर म्हणजे कायम नव्हे. कोणी कामावर आलं नाही तर त्याच्या जागी घ्यायचं, नाही तर परत पाठवायचं.

"असं होणं शक्य नाही," ते म्हणाले, आणि मागांच्या संगीताकडे वळले.

मला त्या रात्री जेवताना चक्क मजा वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या इतिहासाला कोणीतरी मधेच थांबवलं होतं.

मे लागला. आमच्या निवाऱ्यात सकाळी नऊला सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि पाचला परत यायचं, असा यांनी घालून दिलेला नियम होता. कागदावर तो कुठंच नव्हता. कागदावर तर म्हाताऱ्यांना चोवीस तास राहता येत होतं. पण घंटा वाजवून ते हॉलला कुलूप लावत. "मिलमध्ये दिवसा कोणी झोपायला येत नसे." मी साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणाले, "वयस्कर आहेत, जरा सांभाळून घ्या." कोणते वयस्कर, ते त्यांनी सांगितलं नाही.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आमचे लोक पुलाखाली, मंदिराच्या ओट्यावर, दवाखान्याच्या आवारात जाऊन बसत. दोनदा मी माणसं उचलून सलाइनला नेली. तिसऱ्यांदा इंदूबाई भोवळ येऊन पडल्या तेव्हा मी सरळ रजिस्टरच्या खोलीची दुसरी चावी काढली, चटई टाकली आणि त्यांना आत बसवलं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी यांनी दार उघडलं.

मी बाजूलाच होते. ते आधी रजिस्टरांकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे.

"ही बसायची जागा नाही."

"मंग उन्हात मरू काय?"

"नियम सगळ्यांना सारखा. नऊला बाहेर."

इंदूबाई उठल्या नाहीत. "त्या दिवशीबी हेच बोलला होता तू. गेटाच्या त्या बाजूनं. 'नियम सगळ्यायले सारखा.' मी सळ्या धरून उभी होती."

"कोणता दिवस?"

"काय करतं आता दिवस घेऊन?"

"असं हवेत बोलू नका." त्यांचा आवाज चढला आणि प्रमाण मराठी गळून पडली. "काहून खोटा आरोप करून राहिल्या तुमी? दिवस सांगा, साल सांगा. हाय माह्याजवळ सगळं."

इंदूबाईंनी डोळे बारीक केले. सालाचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. पण त्यांनी सांगितलं, मुलगा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मारबतीची मिरवणूक निघाली होती. इतवारीतून येताना रस्ता माणसांनी भरला होता. "पोट्टं बिमार होतं. सासूजवळ ठेवून धावत आली. गेट समोर दिसत होतं अन् तू लावून राहिला होता."

त्यांनी सफारीच्या बाह्या दुमडल्या. स्टूल ओढलं आणि एक-एक लाल गठ्ठा उतरवायला लागले. मी त्यांना तसं काम करताना कधी पाहिलं नव्हतं. घाम गळत होता, धुळीनं ते खोकत होते. पोळ्याच्या तारखा त्यांना तोंडपाठ होत्या, दर सालचं तेवढंच पान ते उघडून पाहत. दीड तास गेला. इंदूबाई चटईवरून नुसत्या पाहत होत्या. मला वाटलं, सापडणार नाही. सापडू नये असंही वाटलं. मग ते एकदम हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

"सापडलं! इंदू, वाइंडिंग, बदली, वय चोवीस. गेट बंद सात दहा. आगमन सात तेरा. तीन मिनिटं उशीर. महिन्यातला तिसरा उशीर. नाव कमी." त्यांनी रजिस्टर तिच्यासमोर धरलं आणि बोटानं ती ओळ दाखवली. चेहरा असा उजळला होता की जणू परीक्षेत पहिला आलेला पोरगा. "बघा. तीन मिनिटं. कुठं झाला अन्याय? मी बरोबर होतो."

मला त्या क्षणी ते रजिस्टर त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. पोराच्या आजारपणात नोकरी गेलेल्या बाईला, ज्या पोरापायी गेली त्याच पोरानं वाऱ्यावर सोडलेल्या बाईला, हा माणूस तीन मिनिटं दाखवत होता.

इंदूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर हात ठेवला.

"हे माहं नाव हाय?"

"हो."

"अन् वय लिवलं हाय?"

"चोवीस."

"पोट्टं बिमार होतं, ते?"

"त्याचं इथं काही नाही," ते म्हणाले. "त्याचं इथं काय काम?"

इंदूबाईंनी ओळीवरचा हात उचलला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तू म्हणत होती ना कागद पाह्यजे म्हणून. हा चालते काय?"

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. निराधारांचं पेन्शन मिळावं म्हणून मी त्यांचा अर्ज भरायला घेतला होता, आणि वयाचा एकही पुरावा नसल्यानं तो तसाच पडून होता. समोर त्यांचं नाव, खातं आणि वय शाईनं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, झेरॉक्स काढून आणते.

"रेकॉर्ड गेटाबाहेर जाणार नाही," ते म्हणाले.

मी खूप बोलले. जे बोलायला नको तेही बोलले. ते ढिम्म. मी त्यांना साहेबांची भीती घातली, पोलिसांची घातली. शेवटी म्हणाले, "रेकॉर्ड एकटं जाणार नाही. मी बरोबर येईन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही पेन्शनच्या सरकारी कचेरीत गेलो. मी आणि इंदूबाई ई-रिक्षात, ते पुढं स्कूटरवर, रजिस्टर लाल कापडात बांधून पायांच्या मधे उभं केलेलं. सिग्नलला ते खाली वाकून गाठ तपासत. खिडकीवरच्या बाबूनं रजिस्टर पाहिलं आणि तसंच परत सरकवलं. "हे काय आणलं गा? बंद मिलचं कोण मानते?"

त्यांनी रजिस्टर पुन्हा आत सरकवलं आणि सुरुवात केली. कापूस कुठून यायचा. गासड्या कशा फुटायच्या. मागची रांग कुरकुरायला लागली. एकानं ओरडून पाहिलं, त्याला त्यांनी "शिस्त!" एवढंच म्हटलं. मालकाचा देवमाणूसपणा झाला. खिडकीतून हात आत घालून त्यांनी बाबूच्या शर्टाची बाही चोळली आणि "टेरीकॉट, आमच्या मिलचं नाही," असं सांगितलं. ते मात्र त्या दिवशी बरोबर निघालं. मग त्यांनी हजेरीचं शास्त्र सुरू केलं: टोकन कसं द्यायचं, वय कसं पाहायचं, बदली कामगाराच्या वयाला डॉक्टरची सही कशी लागायची आणि ती सही कोणत्या रकान्यात आहे. बाबूनं तीनदा आत जायचा प्रयत्न केला. आतून त्याचे साहेब बाहेर आले, त्यांनीही दहा मिनिटं ऐकलं आणि बाबूला म्हणाले, "घ्या गा, लावा फायलीले. उन्हाचे दिवस हायेत."

परतताना इंदूबाई ई-रिक्षात हसत होत्या. "बोलते मात्र लय," म्हणाल्या.

कोणी म्हणेल, बघा, चांगला माणूस होता शेवटी. मी तिथं होते. त्यांनी इंदूबाईंकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या रजिस्टरला 'कोण मानते' म्हटलं, त्याचा तो राग होता. तो राग नसता तर ते निमूट परत फिरले असते.

त्यानंतर दुपारी बायकांना रजिस्टरच्या खोलीत बसू दिलं त्यांनी, पण तेही धूळ झटकायला माणसं लागतात, असं सांगून. दया म्हणून काही करणं त्यांना जमत नसे. आधी तिला काहीतरी कामाचं नाव द्यावं लागे. बायका फडकी हातात घेऊन सावलीत झोपत. मग कुठून तरी कळून जुने कामगार येऊ लागले, आपलं नाव पाहायला. हे पान काढून त्यांना सांगत, "तुमचे सत्तावीस खाडे." म्हातारे हसत आणि पुढच्या आठवड्यात आणखी कोणाला तरी घेऊन येत.

इंदूबाईंचं पेन्शन लागलं. आमच्याकडचीच एक बाई खानावळीत पोळ्या लाटायला जायची. तिनं खोली घेतली होती, ती म्हणाली माझ्याकडं या, दोघी मिळून राहू. दिवाळीनंतर इंदूबाई गाठोडं घेऊन निघाल्या. टाइम ऑफिसशी थांबल्या. ते त्यांनी निवारा सोडल्याची नोंद करत होते.

"टाइमबाबू, एक काम करशील काय? त्या जुन्या वहीत लिवून ठेव. पोट्टं बिमार होतं म्हणून."

"लिहिलेल्या रेकॉर्डमध्ये बदल होत नाही."

"बदल नको करू. तीन मिनिटं राहू दे. बाजूनं लिव."

बाजूला शेऱ्याचा रकाना होता. रिकामाच होता. मी स्वतः पाहिला होता. ते लिहीत राहिले. इंदूबाई उभ्या राहिल्या, चांगली पाच-सात मिनिटं. मग "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मी गेटापर्यंत त्यांचं गाठोडं नेलं. परत येऊन यांना म्हटलं, "दोन शब्द लिहायला काय जात होतं?" ते म्हणाले, "पोरगं आजारी होतं याला पुरावा काय?"

जानेवारीत ते स्कूटरवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून घरीच. रोज सकाळी सातला फोन यायचा. माणसं किती, कोण आजारी, कोण नवीन, यातलं काही नाही. "खिडकी उघडी तर ठेवली नाही ना? वाळवी पाहिली का?" मग एका विद्यापीठाच्या इतिहास विभागानं रजिस्टरं मागितली. अभ्यास करायचा म्हणे. साहेबांनी लगेच होकार दिला. खोली रिकामी होणार, सहा खाटा पडणार. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही.

गठ्ठे बांधताना ते पान मी काढलं. शेऱ्याचा रकाना तसाच कोरा. मी खिशातला निळा बॉलपेन काढला आणि लिहिलं, 'मुलाला ताप होता.' असल्या गोष्टीला खोटारडेपणा म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण अभ्यास करणारे लोक ते पान वाचतील आणि त्यांना फक्त तीन मिनिटं दिसतील, हे मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. मी त्यांना सांगून टाकलं. मुद्दामच. लागावं म्हणून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खाली सही आहे का?"

"कोणाची?"

"टाइमकीपरची. सहीशिवाय शेरा ग्राह्य धरत नाहीत. घेऊन या."

मी रजिस्टर घेऊन प्रताप नगरात गेले. सुनेनं त्यांना उशा लावून बसवलं. खूप वाळले होते, सफारीच्या जागी बनियन. त्यांनी चष्मा मागितला, मग स्वतःचा शाईचा पेन मागितला. शेरा वाचला. "अक्षर वाईट आहे," म्हणाले. मग सही केली. सहीला जवळजवळ एक मिनिट लागलं, खाली पदही लिहिलं. तारीख मी जुनी घालू पाहत होते, त्यांनी माझा हात धरला. "आजची घाला. मागची तारीख म्हणजे खोटेपणा."

इंदूबाई कशा आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. चहा घेऊन जा, असं सूनच म्हणाली.

तिथून मी थेट इंदूबाईंकडे गेले. एका खोलीचं घर, दारात तुळशीऐवजी मिरचीचं रोप. त्या पोळ्या लाटत होत्या. मी सांगितलं की रजिस्टरात लिहिलं आणि टाइमबाबूनं सही केली.

त्या लाटता लाटता थांबल्या. "केली?"

"केली."

"काय लिवलं?"

"मुलाला ताप होता, असं."

"ताप?" त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "ताप नाही वं. गोवर होता. आंगभर निंघाला होता. डोळे उघडत नव्हता पोट्टा. मी बिमार म्हटलं होतं. ताप कोणं सांगितला तुले?"

कोणीच सांगितला नव्हता. मी विचारलंही नव्हतं.

"आता खोडता येते काय ते?"

"नाही, मावशी," मी म्हटलं. "आता सही झाली आहे."